लोहाच्या अनुमापनासाठी परमँगनेट की डायक्रोमेट?
सोलापुरात बी.एस्सी. करणारी माझी भाची या निवडीपाशी अडली आहे. अनुमापन म्हणजे ज्ञात तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून नमुन्यातले लोह मोजणे; इथे ते द्रावण फेरस लोहाचे फेरिकमध्ये ऑक्सिडीकरण करते, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉन काढून घेते. आम्ल द्रावणात परमँगनेटचे प्रमाण इलेक्ट्रोड विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या क्षमतेचे माप) १.५१ व्होल्ट, डायक्रोमेटचे १.३३, तर फेरिक-फेरसचे ०.७७; म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे मुक्त ऊर्जा अनुक्रमे सुमारे ७१ आणि ५४ किलोज्यूलने घटते, त्यामुळे दोन्ही अभिक्रिया पूर्णत्वास जातात. खरा फरक क्लोराइडपाशी पडतो: क्लोरिनचे विभव १.३६ असल्याने परमँगनेट क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करते आणि ब्युरेटचे (द्रावण सोडायच्या खुणांच्या नळीचे) वाचन फुगते. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात डायक्रोमेटने तसे होत नाही. परमँगनेट पाण्याशीही हळूहळू अभिक्रिया करते, म्हणून बाटलीच्या तळाशी तपकिरी साका बसतो व द्रावण पुन्हा प्रमाणित करावे लागते. मात्र परमँगनेटला वेगळा दर्शक (अभिक्रियेचा शेवट रंगाने दाखवणारे द्रव्य) लागत नाही, फिकट गुलाबी छटा पुरते. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे, हे मी तिला बजावून सांगितले. सल्फ्युरिक आम्लातील नमुन्यासाठी परमँगनेट घ्यावे. हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेल्या खनिजासाठी डायक्रोमेट.