पार्किंगमधला ऑइलचा डाग: पावडर की लेप?

बाइकखाली ऑइल ठिबकलं की आधी लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका, घासू नका. शोषलं गेलं की झाडून घ्या. इथपर्यंत दोन्ही उपाय सारखेच.

डाग एक-दोन दिवसांचा असेल तर कपड्यांची पावडर पुरते. डाग ओला करून ती भुरभुरवायची, थोड्या गरम पाण्यात दाट कालवायची आणि १५-२० मिनिटांनी नायलॉनच्या ताठ ब्रशने घासायचं. फेस काळपट झाला की समजायचं, ऑइल सुटतंय. तारेचा ब्रश नको. तुटलेल्या तारा अडकून गंजतात आणि नवाच डाग पडतो.

जुन्या डागाला मात्र मी लेपच सांगेन. काँक्रीट सच्छिद्र असतं, ऑइल आत मुरतं. आमच्याकडचा वर्षभराचा डाग पावडरने धुतल्यावर फिका दिसला आणि वाळताच पुन्हा वर आला! मग मुलतानी मातीत टर्पेंटाइन घालून श्रीखंडाइतकं घट्ट कालवलं, बोटभर थर दिला, वर प्लास्टिक टाकून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप वाळू दिला. टर्पेंटाइन ऑइल विरघळवतं आणि माती वाळताना ते ओढून घेते. खरवडलेली माती तेलकट, पिवळट निघाली. दुसऱ्या लेपानंतर डाग शोधावा लागला.

टर्पेंटाइन पेट घेतं, त्यामुळे बंद बेसमेंटमध्ये हा उपाय करू नका. तिथे पावडरच बरी. ॲसिड तर कुठेच नको. ते सिमेंट खातं, ऑइल तसंच राहतं.