चष्मा, थंडी आणि आठपटीची दुर्बीण

गेल्या ऑक्टोबरात मी ८ × ४२ मापाची एक दुर्बीण ११,८०० रुपयांना घेतली. या वर्षभरात ती नाशिक परिसरातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या धुक्यात, अंजनेरीच्या पायवाटेवर, बोरगडच्या पावसात आणि सर्वांत जास्त वेळा आमच्या घराच्या गच्चीवर वापरली गेली. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. या किमतीत याच मापाच्या अनेक दुर्बिणी बाजारात आहेत आणि निवड करताना नावापेक्षा चार-पाच मापे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते, हे मला स्वतःचे पैसे वाया घालवूनच कळले. पक्षी पाहायला नुकतीच सुरुवात केलेल्या आणि माझ्याप्रमाणे चष्मा वापरणाऱ्या माणसाला समोर ठेवून हे परीक्षण लिहिले आहे.

आधी त्या वाया गेलेल्या पैशांविषयी. चार वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी नऊशे रुपयांना घडी घालून पर्समध्ये मावणारी एक दुर्बीण घेतली होती आणि तिच्यावर ‘३० × ६०’ असे ठळक सोनेरी आकडे छापलेले होते. दुर्बिणीवरचा पहिला आकडा वस्तू किती पटींनी जवळ दिसेल हे सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो, एवढे साधे गणित त्या वेळी मला माहीत नव्हते. पुढे कधीतरी घरी पट्टी लावून पाहिली, तेव्हा साठ मिलिमीटरचे म्हणून विकलेले भिंग जेमतेम २२ मिलिमीटर भरले. आता त्या दुर्बिणीतून भाचा क्रिकेटचे सामने पाहतो आणि त्याची काही तक्रार नाही.

आठपट म्हणजे ८० मीटरवर बसलेला पक्षी १० मीटरवर असल्यासारखा दिसणे. हे ऐकल्यावर बहुतेकांचा पुढचा प्रश्न ‘मग दहापट का नको, बारापट का नको?’ असा असतो आणि दुकानदारही त्याच दिशेने ढकलतो. अडचण अशी की दुर्बीण पक्ष्याबरोबर आपल्या हाताचा कंपही तितक्याच पटींनी मोठा करते. एका परिचितांची १० × ४२ दुर्बीण मी दोन सकाळी उसनी वापरून पाहिली. पहिली दहा मिनिटे फार समाधानाची गेली, पण त्यानंतर खांदे भरून आले आणि पाण्याच्या कडेला पळणारा तुतवार नजरेच्या चौकटीत थरथरू लागला. शिवाय पटी वाढल्या की दृश्याची रुंदी कमी होते. माझ्या दुर्बिणीतून हजार मीटरवरचा सुमारे १३६ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर त्या दहापटीच्या दुर्बिणीतून ११० मीटरच्याही आत दिसत होता. बसलेल्या बगळ्यासाठी हा फरक किरकोळ आहे. मात्र अंजनेरीच्या कड्यावरून सुटलेले गिधाड आकाशात शोधायचे असेल, तेव्हा हीच पंचवीस-तीस मीटरची जास्तीची जागा गिधाड सापडणे आणि न सापडणे यांतला फरक ठरते.

दुसऱ्या आकड्याचा संबंध उजेडाशी आहे. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच येतात, म्हणजे दुर्बिणीच्या मागच्या भिंगातून सव्वापाच मिलिमीटर व्यासाचा प्रकाशाचा गोल डोळ्यावर पडतो. भर दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दुपारी या मोठ्या गोलाचा विशेष लाभ होत नाही. पहाटे बाहुली मोठी होते आणि तेव्हा २५ मिलिमीटरच्या छोट्या दुर्बिणीतला तीनेक मिलिमीटरचा गोल तोकडा पडतो. पक्षी पाहण्याची खरी वेळ पहाटेचीच असल्याने, खिशात मावणारी दुर्बीण वजनाला कितीही हलकी असली तरी पहिली दुर्बीण म्हणून मी ती सुचवणार नाही.

हाच गोल दुकानात पारख करण्याच्या कामी येतो. दुर्बीण हातभर अंतरावर धरून उजळ आकाशाकडे रोखावी आणि मागच्या भिंगात दिसणारा प्रकाशाचा ठिपका पाहावा. तो पूर्ण गोल असेल तर आतले लोलक, म्हणजे प्रिझम, चांगल्या काचेचे असण्याची शक्यता अधिक असते, आणि त्याच्या कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसत असतील तर काच हलक्या प्रतीची समजावी. ही चाचणी दुकानाच्या दिव्याखाली नीट होत नाही. मी ज्या दुकानातून दुर्बीण घेतली, तिथल्या मालकांनी ती रस्त्यावर नेऊन पाहण्यास आधी नकार दिला, मग स्वतः सोबत येऊन पायरीवर उभे राहिले. समोरच्या इमारतीवरील पाटीची अक्षरे कडेपर्यंत सुबक दिसतात की कडेला पसरतात, हे मी तिथेच पाहून घेतले. मध्यभागी चित्र धारदार होते आणि कडेच्या साधारण पाचव्या हिश्शात ते मऊ होत गेले. या किमतीत ते मला मान्य होते.

खरी परीक्षा नांदूरमध्यमेश्वरला झाली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे निफाड तालुक्यात जे उथळ पाणी साचले, त्यात गाळ भरत गेला, गवत आणि पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांनी ती जागा आपली मानली. १९८६ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१९ मध्ये ती महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. नाशिकहून निफाडमार्गे दीड तासाच्या आत चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यापाशी पोहोचता येते. हिवाळ्यात निफाडचा पारा एक आकडी होतो, हे वर्तमानपत्रात वाचणे वेगळे आणि द्राक्षबागांमधल्या रस्त्याने पहाटे दुचाकीवरून जाणे वेगळे. पहिल्या खेपेस माझी बोटे इतकी आखडली होती की फोकसचे चाक फिरवता येईना. हा दोष दुर्बिणीचा नव्हे, पण त्यातून एक गोष्ट लक्षात आली. चाक रुंद आणि खरबरीत असल्याने दुसऱ्या खेपेस लोकरीचे हातमोजे घालूनही ते सहज फिरले.

तिथे वारकरी पक्षी हजारांनी असतात. काळ्या अंगावर कपाळापुरता पांढरा टिळा असलेल्या या पक्ष्याला ज्याने हे नाव दिले, त्याच्या रसिकतेचे मला दर वेळी कौतुक वाटते. नुसत्या डोळ्यांनी हा थवा पाण्यावर सांडलेल्या काळ्या तिळांसारखा दिसतो. दुर्बीण लावल्यावर त्यातला टिळा दिसतो, आणि मग टिळा नसलेले तिळही दिसू लागतात: थापट्याची फावड्यासारखी रुंद चोच, तलवार बदकाची टोकदार शेपटी, भुवई बदकाच्या डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी रेघ. सोबतच्या स्थानिक मार्गदर्शकाला हे सारे दुर्बिणीशिवायच कळत होते. पक्षी कसा तरंगतो, कसा उडतो, कुठे बसतो यावरून तो नाव सांगे आणि मी दुर्बिणीतून खात्री करून घेई. “ताई, बाभळीच्या डावीकडं बघा, वारकऱ्यांच्या मागं,” असे तो म्हणाला की बाभूळ शोधून, तिथून डावीकडे सरकत नेमक्या जागी येण्यासाठी रुंद दृश्याचा किती उपयोग होतो, ते कागदावरच्या मीटरांवरून कळत नाही.

एक प्रसंग विशेष सांगण्यासारखा आहे. चिखलात दोन तुतवार शेजारी चरत होते आणि दोन्ही मला एकसारखे तपकिरी दिसत होते. दहा मिनिटे स्थिर हाताने पाहिल्यावर एकाच्या डोळ्यावरून मागपर्यंत गेलेली पांढरट भुवई आणि पाठीवरचे दाट ठिपके स्पष्ट झाले, तर दुसऱ्याची पाठ गडद होती आणि भुवई डोळ्यापुढेच संपत होती. पहिला ठिपकेवाला तुतवार आणि दुसरा हिरवा तुतवार. मार्गदर्शकाने मला आधी काहीच सांगितले नव्हते आणि मी नावे घेतल्यावर त्याने फक्त मान डोलावली. दोन पटी जास्त असत्या तर हे लवकर दिसले असते का? कदाचित. पण दहा मिनिटे हात टिकला नसता. तेवढ्यात दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून खाली झेपावत गेला आणि सगळे वारकरी पाण्यावर धावत एकदम उठले. मग कोणालाही कोणत्याच भुवईचे भान राहिले नाही.

आता चष्म्याविषयी, कारण या दुर्बिणीची निवड मी मुख्यतः त्यासाठीच केली. मागच्या भिंगापासून डोळा जास्तीत जास्त किती दूर ठेवून पूर्ण दृश्य दिसते, हे अंतर माझ्या दुर्बिणीत १७ मिलिमीटर आहे. चष्मेवाल्यांनी ते किमान १५ असल्याची खात्री करावी, नाहीतर दृश्याच्या कडा कापल्या जातात आणि पाइपातून पाहिल्यासारखे वाटते. डोळ्याजवळची रबरी कडी चष्मा असेल तर पूर्ण खाली आणि नसेल तर वर फिरवायची असते. एवढी साधी गोष्ट दुकानात कोणीही सांगत नाही, त्यामुळे अनेक जण महागडी दुर्बीण घेऊनही अर्धेच दृश्य पाहत राहतात. या दुर्बिणीची उजवी कडी मात्र सहा महिन्यांतच सैल झाली आणि आता दाब पडला की आपोआप खाली घसरते. मला ती खालीच लागते, म्हणून निभावले. बिनचष्म्याच्या माणसाने हा दोष चालवून घेऊ नये.

पावसाळ्याचा अनुभव चांगला आहे. नळ्यांमध्ये नायट्रोजन भरून त्या हवाबंद केलेल्या असल्याने आत ओलावा शिरत नाही, आणि त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या पट्ट्यात ज्याने पाऊस पाहिला आहे, त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. हवाबंद नसलेल्या दुर्बिणीच्या भिंगांवर दोन पावसाळ्यांत बुरशीची जाळी धरते आणि ती साफ करण्याचा खर्च नव्या दुर्बिणीच्या जवळ जातो. जुलैत बोरगडला तासभर संततधार अंगावर घेऊनही आत धुके धरले नाही. बाहेरच्या काचेवर मात्र स्वतःच्या श्वासाची वाफ जमतेच. तोंडावरचा रुमाल हनुवटीखाली घ्यावा, एवढेच करता येते. घरी आल्यावर मी दुर्बीण लगेच बंद पिशवीत न ठेवता पंख्याखाली वाळवते आणि मग सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवते. भिंग पदराने पुसण्याचा मोह टाळावा. रस्त्यावरची धूळ आधी रबरी फुग्याने उडवल्याशिवाय कापड लावले, तर भिंगावरच्या मुलाम्यावर चरे पडतात.

उणिवांत सर्वांत त्रासदायक आहे तो पट्टा. सोबत मिळालेला पट्टा इतका अरुंद आहे की ६७० ग्रॅम वजन तासाभरात मानेत रुतू लागते. मी दुसऱ्याच महिन्यात पाठीवरून फुलीसारखा जाणारा पट्टा सातशे रुपयांना वेगळा घेतला आणि तो खर्च किमतीतच धरायला हवा होता, असे आता वाटते. पुढच्या भिंगांची झाकणे सैल असून त्यांपैकी एक अंजनेरीच्या वाटेवर कुठेतरी पडले आहे. बदली झाकणासाठी विक्रेत्यामार्फत दोनदा विचारणा केली, पण अजून उत्तर नाही. उजळ आकाशासमोर उभ्या पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी किनार दिसते, हीही या किमतीची मर्यादा आहे. ती एकदा दाखवून दिल्यावर नेहमी दिसू लागते, म्हणून मी ती इतरांना दाखवत नाही.

दुर्बीण रोजच्या उपयोगाची ठरली ती मात्र गच्चीवर, आणि याची मला घेताना कल्पना नव्हती. दोन मीटर अंतरावरची वस्तूही तिच्यात फोकस होते, त्यामुळे कुंडीतल्या सदाफुलीवर बसलेल्या फुलपाखराच्या पंखांवरची नक्षी चहाचा कप खाली ठेवून पाहता येते. समोरच्या शेवग्यावर तांबट येतो, हे मला अनेक वर्षे केवळ त्याच्या ठोक्यांमुळे माहीत होते, पण त्याच्या कपाळावरचा लाल ठिपका मी या वर्षी प्रथम पाहिला. शेजारच्या वहिनींना सुरुवातीला मी त्यांच्या खिडकीकडे पाहते असा संशय आला होता. एकदा त्यांना बोलावून तांबट दाखवल्यावर तो प्रश्न मिटला आणि आता त्या स्वतःच दुर्बीण मागायला येतात.

दुर्बीण दुसऱ्याच्या हाती दिली की एक अडचण हमखास येते. दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढण्यासाठी उजव्या भिंगापाशी एक वेगळी कडी असते. प्रथम उजवी नळी हाताने झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करायचा, मग डावी झाकून उजव्या डोळ्यापुरती ही कडी फिरवायची आणि पुढे तिला हात लावायचा नाही, अशी रीत आहे. माझ्या दुर्बिणीत ही कडी बसवायला खटका नाही, त्यामुळे ज्याच्या हाती ती जाते, तो नकळत ती फिरवून परत देतो. चापडगावला मार्गदर्शकाने चित्रबलाक पाहायला दुर्बीण घेतली आणि परत दिल्यावर मला घरी येईपर्यंत सगळे पक्षी अंधुक दिसले. दोष पहाटेच्या धुक्याचा असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. त्यानंतर मी कडीवर माझ्या नजरेच्या जागी पांढऱ्या नेलपॉलिशचा एक ठिपका दिला आहे आणि दुर्बीण हाती आली की आधी तो ठिपका पाहते.