एका प्रयोगासाठी पाचशे किलोमीटर : बेंगळूरचे नृत्यमंच

बेळगावहून बेंगळूरला नृत्य पाहायला जायचे म्हणजे जाऊन-येऊन दोन रात्री रेल्वेत काढायच्या. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्री बेळगाव सोडते आणि सकाळी क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्थानकावर पोहोचते. गाडीचे नाव आपल्या जिल्ह्यातले आणि स्थानकाचेही, त्यामुळे पाचशे किलोमीटर जाऊनही परक्या गावी उतरल्यासारखे वाटत नाही. केवळ नृत्यप्रयोगांसाठी मी हा प्रवास तीन-चार वेळा केला असून गेल्या खेपेस भरतनाट्यम शिकणारी माझी भाची सोबत होती. दसरा ते फेब्रुवारी हा तिकडचा भरगच्च काळ; त्यानंतर २९ एप्रिलच्या आंतरराष्ट्रीय नृत्यदिनाच्या आसपास पुन्हा कार्यक्रमांची दाटी होते. या काळात जाऊ इच्छिणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या रसिकांनी कार्यक्रमाइतकाच सभागृहाचाही विचार करून तिकीट काढावे, असे माझे अनुभवांती ठाम मत झाले आहे.

पहिली पसंती मी जे. पी. नगरमधील रंगशंकराला देईन. कन्नड अभिनेते-दिग्दर्शक शंकर नाग यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नी, अभिनेत्री अरुंधती नाग यांनी चिकाटीने उभे केलेले हे नाट्यगृह २००४ मध्ये सुरू झाले. ते प्रामुख्याने नाटकांसाठी आहे, मात्र तेथे अधूनमधून होणारे नृत्यप्रयोग चुकवू नयेत. प्रेक्षागृह सव्वातीनशेच्या आसपास आसनांचे असून प्रेक्षक रंगमंचाला कवेत घेऊन बसतात. प्रयोग ठरल्या मिनिटाला सुरू होतो आणि त्यानंतर आलेल्या कोणालाही आत सोडत नाहीत. हा नियम कठोर वाटेल, परंतु नृत्याला त्याची फार गरज आहे, कारण पहिल्या दोन मिनिटांच्या शांततेत नर्तकाचा श्वास आणि प्रेक्षकाचा श्वास जुळायचा असतो आणि त्या वेळी कोणी खुर्च्यांमधून वाट काढत आले तर ते जुळणे मोडते. तेथील उपाहारगृहातील साबुदाणा वडा प्रसिद्ध आहे. तो प्रयोगाच्या अर्धा तास आधी निवांत खावा.

गेल्या खेपेस आम्ही तेथे गेलो त्या संध्याकाळी समकालीन नृत्याचा प्रयोग होता. नेपथ्य नव्हते, पायांत घुंगरू नव्हते, बराच वेळ संगीतही नव्हते. एक नर्तकी उभ्या अवस्थेतून जमिनीकडे इतक्या सावकाश गेली की आधी गुडघा टेकला, मग मांडी, मग कोपर आणि शेवटी तळहात, आणि त्या प्रत्येक टेकण्याचा वेगवेगळा आवाज आम्हाला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. भाची हळूच म्हणाली, “मामा, घुंगरू नाहीत, तरी ताल कुठे सुटला नाही.” मला आठवला तो यल्लम्मा देवीचा सौंदत्तीचा डोंगर. चौडके या वाद्याच्या तालावर डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली परडी, घेऊन नाचणारी जोगतीण मान स्थिर ठेवून सगळा भार कमरेवर आणि तळव्यांवर घेते. येथेही शरीराचा भार कोठे द्यायचा याचेच भान होते. समकालीन नृत्य आपल्याला कळणार नाही अशी धास्ती आमच्याकडच्या अनेकांना वाटते. ज्यांनी यल्लम्माची यात्रा पाहिली आहे, त्यांनी ही धास्ती बाळगण्याचे काहीच कारण नाही.

या शहरात समकालीन नृत्य रुजवण्यात अट्टक्कलरी या संस्थेचा वाटा मोठा आहे. जयचंद्रन पालाळी यांनी १९९२ मध्ये ती स्थापन केली आणि भरतनाट्यम, केरळची युद्धकला कळरीपयट्टू यांसारख्या शरीरविद्यांना प्रकाशयोजना व डिजिटल प्रतिमांची जोड दिली. या पठडीतून तयार झालेल्या नर्तकांचे प्रयोग आवर्जून पाहावेत.

शास्त्रीय नृत्यासाठी मल्लेश्वरम भागातील चौडय्या स्मारक सभागृह आणि जे. सी. रोडवरील रवींद्र कलाक्षेत्र ही दोन मोठी ठिकाणे आहेत. सात तारांचे व्हायोलिन वाजवणाऱ्या टी. चौडय्यांच्या स्मरणार्थ बांधलेली पहिली वास्तू व्हायोलिनच्याच आकाराची आहे. मोठे सभागृह समूहनृत्याला शोभून दिसते, एकल नृत्याला मात्र पुढची जागा मिळणार असेल तरच जावे. शहरातील अशाच एका मोठ्या सभागृहात मी मागच्या रांगेत बसून भरतनाट्यम पाहिले आणि पदमचा, म्हणजे संथ भावप्रधान रचनेचा, जो अभिनय डोळ्यांत आणि ओठांच्या कडेला घडतो, तो माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही. त्यातच संगीत ध्वनिमुद्रित होते. तिकीट विकणाऱ्या ॲपवर ना प्रयोगाचा कालावधी दिला होता, ना साथसंगत प्रत्यक्ष आहे की नाही याचा उल्लेख होता. रात्रभर प्रवास करून येणाऱ्या प्रेक्षकाला एवढी माहिती आधी मिळायलाच हवी. नट्टुवांगमचे, म्हणजे झांजेच्या तालावर म्हटले जाणारे, बोल आणि नर्तकीचा पाय समोरासमोर एकमेकांना उत्तर देतात, त्यातच निम्मा आनंद असतो. समकालीन प्रयोगात ध्वनिमुद्रण चालते, मार्गममध्ये, म्हणजे भरतनाट्यमच्या परंपरागत क्रमाच्या प्रयोगात, मला ते पटत नाही.

जाहिरातीत नृत्यग्रामचे नाव दिसले तर मात्र सभागृह, रांग, दर यांपैकी कशाचाही विचार करू नये. प्रोतिमा बेदींनी १९९० मध्ये शहराबाहेर हेसरघट्ट्याला हे गुरुकुल वसवले. गुरू केलुचरण महापात्रांकडून त्या स्वतः ओडिसी शिकल्या होत्या आणि १९९८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावरही सुरूपा सेन यांनी नृत्यसमूहाचे काम त्याच निष्ठेने पुढे नेले. या समूहाचे परदेश दौरे बरेच असतात, त्यामुळे कर्नाटकात त्यांचा प्रयोग लागणे ही संधीच समजावी. त्रिभंगी या तीन ठिकाणी वळलेल्या मुद्रेतून चौक या चौकोनी मुद्रेत येताना त्यांच्या नर्तकींची कंबर, खांदा आणि नजर एकाच क्षणी स्थिरावतात. पाच जणी असल्या तरी एकच शरीर हलल्याचा भास होतो.

साडेसातचा प्रयोग बहुधा नऊच्या सुमारास संपतो आणि परतीची रात्रीची गाडी गाठता येते, मात्र जे. पी. नगरहून स्थानकापर्यंत तासभर हाताशी ठेवावा. पुढच्या खेपेस एक दिवस वाढवून सकाळी हेसरघट्ट्याला जाण्याचे आम्ही ठरवले आहे. तिकडे निघण्यापूर्वी तालमी पाहता येण्याची वेळ फोन करून विचारून घ्यावी.