रूसो आधी की माँतेस्क्यू?

युरोपातल्या प्रबोधनकाळातला (अठरावं शतक) एक तरी विचारवंत मुळातून वाचायचा आहे आणि गाडी रूसो की माँतेस्क्यू इथे अडली आहे, अशांसाठी हे लिहितोय. सामाजिक करार (राज्य लोकांच्या आपसातल्या करारावर उभं असतं), सत्ताविभाजन (कायदे करणं, राबवणं आणि न्याय देणं वेगवेगळ्या हातांत) वगैरे पाठ्यपुस्तकात होऊन गेलंय असं धरतो. मी आधी रूसो वाचला, मग माँतेस्क्यू. आज कुणी विचारलं तर क्रम बहुधा उलटा सांगेन.

वाचायला रूसोच सरस, यात वाद नाही. 'सोशल काँट्रॅक्ट' (१७६२) अंगाने बारीक, चारच भाग, दोन रविवारांत हातावेगळं होतं. माणूस जन्मतः मुक्त असतो आणि सगळीकडे बेड्यांत दिसतो, हे पहिल्याच प्रकरणात म्हणून टाकतो आणि आपण पानाला चिकटतो. घड्याळजीचा पोरगा, विषमतेबद्दल बोलताना त्याचा आवाज उसना वाटत नाही. ज्या जिनिव्हाचा नागरिक म्हणून मिरवला, तिथेच त्याच वर्षी हे पुस्तक आणि शिक्षणावरचं 'एमिल' जाळलं गेलं.

माँतेस्क्यूचं 'स्पिरिट ऑफ द लॉज' (१७४८) म्हणजे एकतीस भागांचं बाड. शिस्त नावाला नाही. हुकूमशाहीवरचं एक प्रकरण तर दोन-तीन ओळींत आटोपतं: लुइझियानातले रानटी लोक फळ हवं असलं की झाड बुंध्यातून तोडतात आणि फळ घेतात, हीच हुकूमशाही. संपलं प्रकरण. गृहस्थ सरदार घराण्यातला. बोर्दोच्या न्यायालयातलं काकाकडून वारशाने आलेलं पद त्याने १७२६ मध्ये चक्क विकलं.

शिवाय त्याचं ते हवामानाचं खूळ. मेंढीची जीभ गोठवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्याने निष्कर्ष काढला की थंडीत माणूस कणखर आणि उष्णतेत आळशी, भित्रा होतो. गुलामगिरीचं मूळही काही अंशी तिथेच. हे मी नागपुरात मे महिन्यात, कूलरसमोर आडवा पडून वाचलं. संताप आला, पण उठून बसायचं जिवावर आलं होतं. मात्र या मुद्द्यावर रूसोकडे पळून उपयोग नाही. तिसऱ्या भागाच्या आठव्या प्रकरणात तोही माँतेस्क्यूचं नाव घेऊन हेच म्हणतो की स्वातंत्र्य हे काही सगळ्या हवामानांत येणारं फळ नव्हे.

माझं पारडं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. रूसोच्या चौथ्या भागातलं दुसरं प्रकरण मतदानावर आहे. तिथे तो म्हणतो, सभेत माझ्या मताविरुद्ध निर्णय झाला तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की मी चुकलो होतो. मला जी सामूहिक ईहा (जनरल विल, म्हणजे सगळ्यांच्या हिताची समाजाची सामायिक इच्छा) वाटली ती नव्हतीच. म्हणजे हरलेल्याने नुसतं हरायचं नाही, आपण चुकलो हेही कबूल करायचं.

वाचलं तेव्हा हे खटकलं नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्या फ्लॅट स्कीमची मीटिंग झाली. विषय गच्चीचं वॉटरप्रूफिंग. कंत्राटदार अध्यक्षांनीच आणलेला, कोटेशन त्यांनीच पास केलेलं. तळमजल्यावरच्या काकांनी दुसरं कोटेशन मागवा म्हटलं, तर उत्तर आलं, "काका, सगळ्यांच्या भल्याचं आहे. उद्या तुम्हीच म्हणाल, बरं झालं." ठराव पास झाला. हात मीही वर केला होता. काका खुर्ची घडी करून भिंतीला लावून निघून गेले, आणि मला ते प्रकरण आठवलं.

पावसाळ्यात गच्ची गळली. तक्रार कुणाकडे द्यायची? अध्यक्षांकडेच.

माँतेस्क्यू इथे माणसं चांगली की वाईट हे विचारतच नाही. सत्ता ज्याच्या हाती आहे तो ती जिथे अडेल तिथवर ताणणार, हे तो धरूनच चालतो. म्हणून सत्तेला सत्तेनेच अडवायची सोय हवी. पुढे आम्ही कोटेशन मागवायला तिघं वेगळे नेमले, चेकवर दोघांच्या सह्या सक्तीच्या केल्या, तक्रारवही अध्यक्षांकडून काढून घेतली. भांडणं तेवढीच आहेत, फक्त आता बिलं वाचली जातात.

रूसोच्या चाहत्यांना हा अन्याय वाटेल. सामूहिक ईहा म्हणजे बहुमत नव्हे, हे त्याने स्वतःच बजावलंय. त्याच्या डोळ्यांसमोर छोटं नगरराज्य होतं. मान्य. पण ती ईहा ओळखायची कुणी, इथे मला तो हात झटकताना दिसतो. उलट इंग्रज फक्त निवडणुकीपुरते स्वतंत्र असतात, एरवी गुलाम, हा त्याचा टोला माँतेस्क्यूला कधी सुचला नसता. माँतेस्क्यू इंग्लंडात राहून आला आणि भारावला. तिथले मंत्री, म्हणजे कायदे राबवणारे, कायदे करणाऱ्या संसदेतच बसतात हे त्याच्या चित्रात नीटसं येत नाही. तरी १७८८ मध्ये संविधानाच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या मॅडिसनला अमेरिकेच्या नव्या संविधानाची बाजू मांडताना आधार घ्यावासा वाटला तो त्याचाच. आपल्या संविधानाचं कलम ५०, न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी ठेवण्याचं, त्याच विचाराच्या वळणावरचं आहे.

एकतीसही भागांच्या नादी लागू नका. अकराव्या भागातलं चौथं आणि सहावं प्रकरण घ्या, चव म्हणून पाचव्यातलं तेरावं, ते झाडाचं. मग रूसो, आणि चौथ्या भागाशी पोचलात की हाताशी पेन्सिल असू द्या.