सावंतवाडीतल्या वकीलबाई, लग्नाआधीच्या करारासाठी घेतलेला सल्ला

साडेचार स्टार. अर्धा कापला तो दीड तास जिन्यात बसवलं म्हणून, अपॉइंटमेंट घेऊन गेलो होतो आणि बाबांचे गुडघे दुखतात.

मी वेंगुर्ल्याची, होणारा नवरा म्हापशाचा, लग्न आणि नोंदणी दोन्ही गोव्यात. बाबांनी गेल्या वर्षी बक्षीसपत्र करून 32 हापूस कलमांची जागा माझ्या नावावर केली, ती कलमं त्यांनी मी जन्मले त्या साली लावलेली. गोव्यात लग्न केलंस तर अर्धी जाईल असं एका नातेवाईकाने सांगितलं आणि घरात झोप उडाली. मग मी घाबरून ऑनलाइन 999 रुपयांत तयार करार घेतला, नावं भरा सही करा, झालं.

वकीलबाईंनी तो करार बाजूलाच ठेवला आणि आधी सातबारा मागितला. मला वाटलेलं घटस्फोट झाला तर काय इथून सुरुवात करतील. त्यांनी सातबाऱ्याची घडी हाताने सपाट केली, इतर हक्काच्या रकान्यावर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, हा सोसायटीच्या कर्जाचा बोजा कसला? बाबा म्हणाले, "कर्ज फेडून चार वर्सां झाली." बोजा मात्र तसाच! आधी कर्ज फेडल्याचा दाखला आणून हा कमी करून घ्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत तलाठ्याकडे दहा वेळा गेलो असू पण हे कुणी दाखवलं नव्हतं.

मग नीट समजावलं. आपल्याकडे हिंदू लग्नात अशा कराराला भक्कम आधार नाही, 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 खाली तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरू शकतो, आणि माझ्या 999 वाल्या करारात "पोटगीचा हक्क सोडला" असं वाक्य होतं त्यावर तर त्यांनी सरळ काट मारली. गोव्यात मात्र 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे गोष्ट वेगळी, तिथे काहीच करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक धरतात, आणि वेगळी ठेवायची तर लग्नाआधीच रीतसर करार करावा लागतो, लग्न झाल्यावर तो बदलता येत नाही. जमीन महाराष्ट्रात आहे मग काय, असं मी विचारलं तर म्हणाल्या की 2019 साली सुप्रीम कोर्टाने गोवेकराच्या मुंबईतल्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लावला, तेव्हा मधे पत्रादेवीची हद्द आहे या भरवशावर राहू नका.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की सही कर किंवा करू नको असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. सामायिक राहिलं तर त्याच्या घरात तुझाही वाटा येतो, ते सोडायची तयारी आहे का, हे त्याच्याशी बोलून ये म्हणाल्या. बाबा तोवर गप्प होते, मग एकदम म्हणाले, "लगीन करतंस की खरेदीखत?" त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, काका, तुमची कलमं कुणाच्या हातात राहणार हे तुम्ही बक्षीसपत्रात ठरवलंतच की, मुलगी तेच करतेय.

त्याच्याशी बोलले. दोन दिवस फोनवर नुसतं हं हं, तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, आमचं घरही आईने काजू विकून उभं केलंय, तेही वेगळंच राहू दे. हे ऐकून मला रडू आलं, खरं सांगते. बागेचं आणि घराचं वेगळं, लग्नानंतर दोघं कमवू ते दोघांचं, असं ठरलं.

फी पहिल्या बैठकीला 1200, पावती मागितल्याशिवाय मिळाली नाही पण मागितल्यावर लगेच दिली. गोव्याचं काम त्या करत नाहीत, म्हापशाच्या वकिलाकडे पाठवलं आणि होणाऱ्या नवऱ्याचा वकील वेगळाच हवा, एकच दोघांचा नको, हे दोनदा बजावलं. जाणार असाल तर सातबारा आणि फेरफार दोन्ही घेऊन जा, आठवडे बाजाराचा दिवस टाळा. आमचा करार पुढच्या महिन्यात होतोय, बोजा कमी करायचा अर्ज बाबांनी कालच दिला.