तीन दिवाळी अंकांनंतर: मॅजिक ट्रॅकपॅड

मी पुण्यात २४ वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावायचं काम, करते. गणपती उठले की दिवाळी अंकांची घाई सुरू होते. २०० पानांचा अंक असतो, लेख वेळेवर येत नाहीत, जाहिराती शेवटच्या दिवसापर्यंत येत राहतात, आणि मध्येच एक पानभर जाहिरात घुसली की तिच्यापुढचं सगळं सरकवावं लागतं. माऊसचं बटण दाबून धरायचं, चौकट ओढायची, सोडायची. दिवसातून हजारदा तरी होत असेल. २०२१ च्या हंगामात उजव्या मनगटानं दगा दिला. लाटणं धरवेना, दुधाची पिशवी उचलवेना. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला टेबलाशी बसवून काम करून दाखवायला सांगितलं. नुसत्या क्लिकनं तुमचं एवढं दुखत नाहीये, म्हणाल्या, दाबून धरून ओढता ना, त्यानं दुखतंय.

२०२२ मध्ये ॲपलचा मॅजिक ट्रॅकपॅड घेतला, म्हणजे माऊसऐवजी बोटं फिरवून चालवायची सपाट पाटी. किंमत १० हजारांच्या वर, आणि माऊस ५०० रुपयांत मिळतो, त्यामुळे घरी बोलणी झाली. आज तीन हंगाम झाले. हे पैसे मी पुन्हा देईन.

कारण एकच, तीन बोटांनी ओढणं. फोटोच्या चौकटीवर तीन बोटं नुसती टेकवायची आणि सरकवायची. दाबणं नाही, धरून ठेवणं नाही. पॅडची कड आली तर बोटं उचलून पुन्हा अलीकडे ठेवायची. चौकट क्षणभर हातातच राहते, पडत नाही. पहिल्या दिवशी मला हा क्षणभराचा उशीर खटकला होता, कारण चौकट सोडली तरी सुटल्यासारखी वाटत नव्हती. आता वाटतं, कुणीतरी हात नीट बघून ठरवलेलं आहे हे.

दुसरी गोष्ट पानं तपासताना कळली. ‘दुसऱ्या’मधला र नीट जुळलाय का, रफार शेजारच्या अक्षरावर तर चढला नाही ना, हे बघायला सारखं जवळ जावं लागतं. दोन बोटं फाकवली की ओळ समोर येते, मिटली की पूर्ण पान. तळवा पॅडवर टेकला तरी पडद्यावरचा बाण उडत नाही. आणि पॅड चौकोनी, सपाट, त्यामुळे डाव्या हातालाही तेवढाच सोयीचा. दुपारनंतर मी तो डावीकडे घेते.

हा पॅड तळवा कसा ओळखतो, याची उत्सुकता वाटली म्हणून वाचत गेले आणि वेन वेस्टरमन हे नाव सापडलं. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात ते पीएचडी करत होते. टायपिंगनं त्यांचेच हात दुखत होते. कीबोर्डची बटणं दाबायला जोर लागतो, तो जोरच काढून टाकता येईल का, या प्रश्नाच्या मागे ते लागले. १९९९ चा त्यांचा प्रबंध याच विषयावर आहे: पृष्ठभागावर हात टेकला की त्यातलं बोट कुठलं, अंगठा कुठला, तळवा कुठला, हे यंत्राला कसं ओळखता येईल. स्पर्शानं त्या जागेची विद्युतधारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलते, त्या बदलांचं एक चित्र तयार होतं आणि त्या चित्रातून हात वाचायचा. एकापेक्षा जास्त बोटांचे स्पर्श टिपणारं यंत्र कॅनडातल्या टोरांटोत संशोधक बिल बक्स्टन यांच्या गटानं १९८५ मध्येच दाखवलं होतं. वेस्टरमन यांनी मात्र हे तंत्र दुखऱ्या हातासाठी विकायला आणलं. १९९८ मध्ये त्यांचे प्राध्यापक जॉन इलायस यांच्यासोबत त्यांनी फिंगरवर्क्स ही छोटी कंपनी काढली होती. तिचा टचस्ट्रीम कीबोर्ड सपाट होता. बटणं दाबायचीच नाहीत, स्पर्श पुरे. २००५ मध्ये ॲपलनं कंपनी घेतली, दोघेही तिकडे गेले आणि २००७ मध्ये बोटांच्या स्पर्शावर चालणारा आयफोन आला. टचस्ट्रीमचं उत्पादन मात्र थांबलं. ज्यांचे हात त्यावर विसंबले होते त्यांना जुने कीबोर्ड शोधत फिरावं लागलं. मला हे वाचून वाईट वाटलं. एकदा हाताला बरं वाटू लागलं की ती वस्तू हातातून जाण्याची भीती काय असते, ते मला कळतं.

आता अडचणी. केसाएवढ्या रेषा जुळवायला, फोटोची कड कातरायला मी अजून माऊस घेते. तेवढं बारीक काम बोटानं होत नाही, कोणत्याच ट्रॅकपॅडवर होणार नाही असं वाटतं. मे महिन्यात घामानं बोट चिकटतं, शेजारी सुती रुमाल ठेवते. माझा २०२२ चा पॅड ॲपलच्या जुन्या लायटनिंग केबलवर चार्ज होतो. आता घेणाऱ्यांना यूएसबी-सी मिळेल, तेच बघून घ्या. चार्जिंग महिन्यातून एकदा पुरतं.

आणखी एक. यावर दाबलं की ‘टक्’ जाणवतं, पण पृष्ठभाग खाली जातच नाही, आतून दिलेला तो झटका असतो. पॅड बंद करून दाबून बघा, दगडासारखा लागतो. ‘टक्’ हवंच असेल तर ते हलकं करून घेता येतं. मी ते वापरतच नाही, न दाबता बोटाच्या हलक्या टिचकीवर भागवते.

मनगट पूर्ण बरं झालं असं मी म्हणणार नाही. व्यायाम रोज करावाच लागतो. पण मागच्या हंगामात मनगटाला पट्टा न बांधता अंक प्रेसला गेला, आणि घरी पोळ्या मीच लाटल्या.

तीन बोटांचं ते सेटिंग सुरुवातीला बंद असतं आणि मॅकच्या सेटिंग्जमध्ये ट्रॅकपॅडच्या पानावर सापडत नाही. ॲक्सेसिबिलिटीत जा, पॉइंटर कंट्रोल, मग ट्रॅकपॅड ऑप्शन्स. आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलीला मी पहिल्याच दिवशी ते लावून दिलं. तिचे हात अजून दुखत नाहीत.