गवत कापण्याचे पेट्रोल यंत्र : नऊ महिने आणि 68 तासांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने मी ढकलत चालवायचे, पेट्रोलवरचे गवत कापण्याचे यंत्र नियमितपणे वापरत आहे. त्याचे इंजिन एका सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे आणि सुमारे 150 सीसीचे असून पाते 46 सेंटिमीटर लांबीचे आहे. पहिल्या दिवसापासून मी एका वहीत चाललेले तास, ऑइल बदलल्याच्या तारखा आणि आलेला प्रत्येक बिघाड लिहून ठेवत आलो आहे, आणि आजची नोंद 68 तासांची आहे. नवे यंत्र कसे चालते याबद्दल वाचायला पुष्कळ मिळते. ते चालेनासे झाल्यावर आपल्याला स्वतः काय करता येते, हे मात्र घेण्यापूर्वी मला कुठेच नीट वाचायला मिळाले नव्हते. म्हणून हा अनुभव मुख्यतः बिघाडांचा आहे.

कापणीबद्दल फारशी तक्रार नाही. गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग एका वेळी कापला, तर यंत्र कुठेही न अडखळता चालते. ओल्या आणि उंच गवतात मात्र पात्यावरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला लगदा साचून इंजिन दबते. कापलेल्या गवताची टोके दुसऱ्या दिवशी तपकिरी आणि फाटल्यासारखी दिसू लागली, की पात्याची धार गेली असे समजावे. मी साधारण 20 तासांनी कानशीने धार लावतो आणि नंतर पाते मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून पाहतो. एक बाजू खाली झुकली तर त्या बाजूचे लोखंड थोडे आणखी घासावे लागते, कारण तोल बिघडलेल्या पात्याचे हादरे थेट क्रँकशाफ्टच्या (पाते फिरवणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगला बसतात. पात्याला हात लावण्यापूर्वी ठिणगी पाडणाऱ्या प्लगची टोपी काढून बाजूला ठेवणे मी एकदाही चुकवलेले नाही आणि कोणीही चुकवू नये.

ऑइल पहिल्यांदा पाच तासांनी बदलले. त्यात चमकणारे बारीक कण दिसले, परंतु नव्या इंजिनाचे भाग एकमेकांत बसत असताना ते येतातच, आणि पुढच्या खेपेस ते जवळजवळ नव्हते. या यंत्राला ऑइल काढण्यासाठी खाली बोल्ट दिलेला नाही. यंत्र कलते करून भरण्याच्या तोंडातूनच ऑइल ओतून काढावे लागते, ही मला रचनेतली उणीव वाटते. कलते करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवायची असते. एकदा घाईत मी ती खाली केली, त्यामुळे ऑइल कागदी फिल्टरमध्ये शिरले, सुरू करताच पांढऱ्या धुराचा लोट आला आणि फिल्टर बदलावा लागला.

खरा धडा चौथ्या महिन्यात मिळाला. मधले दोन महिने यंत्र वापरले नव्हते आणि टाकीत अर्धे पेट्रोल तसेच राहिले होते. दोरी पंधरा-वीस वेळा ओढल्यावर इंजिन सुरू झाले, पण चोक (सुरू करताना हवा कमी करणारी झडप) काढताच बंद पडू लागले. चोक अर्धा ठेवला तर चाले, आणि जरासा आणखी काढला की वेग आपोआप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. मी प्लग खराब झाला असे मानून नवा प्लग घातला. फरक पडला नाही. त्यानंतर शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले की उत्तर इंजिनानेच दिले होते. अर्ध्या चोकवर ते स्थिर चालते याचा अर्थ ठिणगी व्यवस्थित आहे आणि पेट्रोल हवेच्या मानाने कमी पडत आहे. मिश्रण पातळ झाल्याने वेग पडतो, वेग पडताच गव्हर्नर (वेग कायम राखणारी यंत्रणा) थ्रॉटल (इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणारी झडप) उघडतो, वेग वाढताच तो पुन्हा मिटतो, आणि हे चक्र चालूच राहते. गव्हर्नरच्या स्प्रिंगला अशा वेळी हात लावण्याचा मोह होतो, पण दोष तिथे नसतो, आणि स्प्रिंग ओढून वेग वाढवला तर पाते ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फिरून धोका निर्माण होतो.

पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची खालची वाटी एकाच बोल्टने बसवलेली असल्यामुळे कार्ब्युरेटर इंजिनावरून न काढताच ती उतरवता आली. आत तळाशी पाण्याचे दोन-तीन थेंब, त्यांच्याभोवती पांढरट, खरखरीत थर आणि जुन्या वार्निशसारखा वास होता. पेट्रोल मोजून सोडणारे मुख्य जेट पितळेचे असून त्याचे भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते. ते काढून मी उजेडासमोर धरले, तेव्हा गोल छिद्राऐवजी एका कडेला चंद्रकोरीएवढीच फट उजळलेली दिसली. कार्ब्युरेटर क्लीनर मारून, मऊ तांब्याच्या वायरची एक तार हलकेच आतबाहेर करून आणि हवा मारून ते साफ केले. सुई किंवा लोखंडी तार घातली तर भोक मोठे होते आणि मग मिश्रण कायमचे बिघडते. जेटच्या वर बसणारी बाजूने छिद्रे असलेली नळीही काढून साफ करावी, कारण तिच्यात अडकलेला कचरा वरून दिसत नाही. वाटीचे रबरी पॅकिंग फुगलेले होते, तेही बदलले. इंजिन तिसऱ्या ओढीला सुरू झाले आणि चोक पूर्ण काढल्यावर एकसारखे चालले.

याचे मूळ पेट्रोलमध्ये होते. अनेक ठिकाणी मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि ती ठरावीक प्रमाणापलीकडे गेली की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल तळातूनच जाते. बहुतेक लहान इंजिनांच्या पुस्तिकांत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे म्हटलेले असते. मी आता महिनाभर पुरेल एवढेच पेट्रोल आणतो. यंत्राला पेट्रोलचा कॉक नव्हता, म्हणून मी नळीवर एक छोटा कॉक बसवून घेतला. काम संपत आले की तो बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू देतो. हा कॉक बसवल्यापासून जेट पुन्हा उघडावे लागलेले नाही. खरे तर असा कॉक कारखान्यातूनच यायला हवा.

सहाव्या महिन्यात निराळीच तक्रार सुरू झाली. यंत्र वीसेक मिनिटे उत्तम चाले, मग दम लागल्यासारखे होऊन बंद पडे, आणि दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होई. तापल्यावर कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) निकामी होण्याची लक्षणेही अशीच असतात, त्यामुळे दोन्ही शक्यता ताडून पाहणे आवश्यक होते. बंद पडताक्षणी मी टाकीचे झाकण सैल केले; आत हवा शिरल्याचा बारीक आवाज आला आणि इंजिन लगेच सुरू झाले. झाकणातले हवेचे छिद्र धूळ व गवताच्या भुशाने बुजले होते, त्यामुळे टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल उतरत नव्हते. झाकण धुऊन वाळवले, एवढीच दुरुस्ती.

सर्वांत अवघड बिघाड सातव्या महिन्यातला. गवतात लपलेल्या झाडाच्या बुंध्यावर पाते आदळले आणि इंजिन जागच्या जागी थांबले. त्यानंतर दोरी ओढली की ती हातातून मागे हिसका देई आणि सायलेन्सरमधून फटका निघे. ज्या दुरुस्ती करणाऱ्याकडे ते नेले, त्याने फक्त दोनदा दोरी ओढून पाहिली आणि कार्ब्युरेटर बदलावा लागेल असे सांगितले. चौथ्या महिन्यातच साफ केलेला कार्ब्युरेटर पात्याच्या धडकेने कसा बिघडेल, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, म्हणून मी यंत्र परत आणले. त्या सल्ल्याचा मला आजही राग आहे, कारण अशा निदानामुळे लोक चांगली यंत्रे भंगारात काढतात.

पेट्रोल येत होते, प्लगला करंट होता, पण ती ठिणगी योग्य क्षणी पडत होती का, हे तपासलेले नव्हते. फ्लायव्हीलमधले (क्रँकशाफ्टवरच्या जड चाकातले) चुंबक कॉइलसमोरून जाते तेव्हा ठिणगी पडते, आणि फ्लायव्हीलची क्रँकशाफ्टवरची जागा मऊ धातूची एक लहान चावी ठरवते. पाते अचानक थांबले तर ही चावी कातरली जाऊ शकते. फ्लायव्हीलचा नट सोडवताना त्याच्या पंख्याच्या पाती अडवून धरू नयेत, त्या तुटतात. मी दाबाचा स्ट्रोक संपून पिस्टन थोडा खाली उतरल्यावर प्लगच्या भोकातून स्वच्छ सुती दोरी आत सोडली आणि पिस्टन तिच्यावर टेकल्यावर नट सोडवला. पुलरने (ओढून काढण्याच्या हत्याराने) फ्लायव्हील उचलताच दोष समोर आला. चावीच्या मधोमध नखाला लागेल अशी पायरी पडली होती, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. एवढ्याशा फरकाने टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सरकले होते. नवी चावी मूळ धातूचीच घेतली. तिच्या जागी लोखंडी तुकडा ठोकणे चुकीचे आहे. शाफ्टचा निमुळता भाग पुसून कोरडा केला, नट पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने आवळला आणि कॉइल व फ्लायव्हीलमधले अंतर फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्टीने) 0.25 मिलिमीटर ठेवले. पाते काढून शाफ्ट हाताने फिरवला आणि त्याचे टोक डोलत नाही याची खात्री केली. शाफ्ट वाकलेला असता तर हे इंजिन चालवणे धोक्याचे ठरले असते.

या 68 तासांत सिलिंडरच्या आत कोणताही दोष निर्माण झालेला नाही. प्लगचे टोक फिकट तपकिरी आहे आणि ऑइलची पातळी दोन बदलांमध्ये जेमतेम खाली जाते. जे बिघडले ते सर्व बाहेरचे होते आणि साध्या पान्यांनी उघडता आले, म्हणून हे यंत्र मी पुन्हा घेईन. दुसरे घेताना मात्र दुकानातच चार गोष्टी पाहीन : कार्ब्युरेटरची वाटी जागेवरच उतरते का, पेट्रोलचा कॉक आहे का, ऑइल काढण्याचा बोल्ट कुठे आहे, आणि चावी व पॅकिंग यांसारखे किरकोळ भाग सुटे मिळतात का. सध्या सुरू करण्याची दोरी हँडलजवळ उसवू लागली आहे. ती तुटून स्प्रिंग आत सुटण्यापूर्वी, तेवढ्याच जाडीची नवी दोरी या आठवड्यात घालायची आहे.